भास्करभाऊंच्या जीपमधलं पातळ तेल

प्रिय नाना,

गुरुवारी दुपारी आपल्या गॅरेजवर एक गिऱ्हाईक आलं. दोंडाईच्याचे औषध दुकानदार, नवी पेट्रोल गाडी, जेमतेम दीड वर्षाची. म्हणाले, "ताई, ऊन पाहा किती आहे. चव्वेचाळीस म्हणताहेत. जाड तेल टाका, पन्नास नंबरचं." मी त्यांना गाडीचं पुस्तक उघडून दाखवलं. तुमच्या इंजिनाला तीसच लागतं, जाड टाकलं तर बारीक वाटांमधून ते वेळेवर पोचणार नाही, असं समजावलं. त्यांना ते पटलं. मग खुर्चीवर बसता बसता हसून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. फक्त डबा नीट पाहून टाका हं, नानांसारखं नको व्हायला."

माझ्या हातात फिल्टर होता. मी तो बसवला, तेल ओतलं, तेल मोजायची पट्टी पुसून पातळी पाहिली आणि गाडी त्यांच्या ताब्यात दिली. बोलले मात्र काहीच नाही.

म्हणून रविवारी सकाळच्या एसटीने शिंदखेड्याला गेले. भास्करभाऊंकडे. तिथे जे झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं, नाना. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आधी सगळी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती गोष्ट तुम्हीच अशी बांधून ठेवली आहे की मला तिच्यातून बाहेर पडता येत नाही.

तुम्हाला आठवतं, मी नाशिकच्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून सोनगीरला आले तेव्हा आपलं पहिलं भांडण कशावरून झालं? तेलावरूनच. तुम्ही उन्हाळा लागला की येईल त्या गाडीत जाड तेल ओतायचात. मी पुस्तक पुढे केलं तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "पोरी, पुस्तक थंड खोलीमा बशीसन लिखेल शे. आपलं ऊन त्यासनी पाहेल नही."

मी म्हणाले, "नाना, डब्यावर दोन आकडे असतात. पहिला थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यावरचा. बाहेर चव्वेचाळीस असो नाहीतर चोवीस, इंजिन आतून तेवढंच तापतं. नव्या इंजिनात फटी केसाएवढ्या बारीक असतात. तिथे तुमचं जाड तेल शिरणार कसं?"

तुम्ही ऐकून घेतलं, मानलं मात्र नाही. मग सोनगीरच्याच कुलकर्णी सरांची गाडी आली. तुम्ही तिच्यात जाड तेल टाकलं होतं, आणि ती सकाळी चालू करताना टकटक वाजायची, पळायलाही जड झाली होती. मी तेल बदललं आणि आवाज गेला. तुम्ही बोनेटला कान लावून बराच वेळ उभे राहिलात. मग सरांच्या देखत म्हणालात, "मनीचं खरं. माझं चुकलं."

किती सहज म्हणालात. मला वाटतं, माझं बिघडलं ते त्या दिवशी. तुम्ही एका गाडीबद्दल बोलला होतात. मी ते सगळ्या गाड्यांबद्दल धरून बसले.

त्यानंतर दोन महिन्यांनी, मे महिन्यात, तुम्ही मोतीबिंदूच्या तपासणीला जळगावला गेलात. आदल्या संध्याकाळी भास्करभाऊ जीप लावून गेले होते. तुमचा चाळीस वर्षांचा दोस्त. शिंदखेडा ते धुळे याच जीपवर त्यांनी घर चालवलं आणि दोन मुलींची लग्नं केली. किल्ली त्यांनी तुमच्या हातात दिली आणि म्हणाले, "परवा पिंपळनेरला लग्नाला जायचंय, आख्खं घर घेऊन. तेलपाणी करून ठेव." तुम्ही निघताना मला एवढंच म्हणालात, "भास्करच्या गाडीला नेहमीचं टाक."

नेहमीचं म्हणजे कोणतं हे मला ठाऊक होतं. वीस-पन्नास. तुमच्या खुर्चीमागच्या फळीवर त्याचा डबा होता. मी तो उचललासुद्धा. आणि परत ठेवला.

का ठेवला, नाना? मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. मला वाटलं, हे म्हातारे लोक सवयीने चालतात. मला वाटलं, चांगलं महागाचं सिंथेटिक तेल आहे, पाच-तीस, जीपला नवा जीव येईल, भाऊ येऊन तुम्हाला सांगतील की गाडी काय हलकी पळते, आणि तुम्ही पुन्हा एकदा म्हणाल की मनीचं खरं. त्यासाठी टाकलं मी ते. तुमच्या तोंडून तेवढं ऐकण्यासाठी.

ते इंजिन दोनदा उघडलेलं होतं, बेअरिंगच्या फटी वाढलेल्या होत्या, जीप तेल प्यायची. अशा इंजिनात गरम झाल्यावरही तेलाला जाडपणा लागतो, दाब धरून ठेवायला. हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दिवशी मी जीपचं वय विचारलं नाही, पट्टी काढून जुनं तेल किती उरलंय तेही पाहिलं नाही. खालचा नट सोडला, काळं तेल जाऊ दिलं आणि नवं ओतलं.

तुम्ही दुपारी परत आलात. डोळ्यात औषध घातल्याने सगळं धूसर दिसत होतं, हात धरून तुम्हाला रिक्षातून उतरवलं. तुम्ही खुर्चीवर बसलात आणि पहिलं विचारलंत, "जीपमा कोनतं टाकं?"

मी म्हणाले, "टाकायचं तेच."

खोटं बोलले असं नाही आणि खरं सांगितलं असंही नाही. तुम्ही मान हलवलीत. संध्याकाळी भाऊ आले तेव्हा तुम्हीच किल्ली दिलीत.

दुसऱ्या दिवशी साक्रीच्या पुढे जीप बंद पडली. दुपारचा एक वाजला असेल. आत अकरा माणसं होती, त्यात भाऊंची आई, आपली जिजी, ऐंशीच्या पुढची. भाऊंनी नंतर सांगितलं, तेलाचा लाल दिवा आधी लुकलुकला, मग पेटूनच राहिला, खालून ठोके यायला लागले, आणि ते गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम झालं होतं. रस्त्याला झाड म्हणायला एक बाभूळ. दुसरी गाडी मिळेपर्यंत तीन तास गेले. पाणी संपलं. जिजी आधी बडबडायला लागली, मग बोलायचीच थांबली.

धुळ्याला दवाखान्यात आपण पोचलो तेव्हा भाऊ व्हरांड्यात उभे होते. डोक्यावर टोपी नव्हती. त्यांना मी बिनटोपीचं कधी पाहिलं नव्हतं. गाडी ओढून आणणाऱ्या मेकॅनिकने त्यांना सांगितलं होतं की आत तेल पाण्यासारखं आहे. त्यांनी एकच विचारलं, "नाना, तेल कोनी टाकं?"

मी तोंड उघडलं होतं, नाना. देवाशपथ उघडलं होतं. पण तुम्ही माझ्याआधी बोललात.

"मी टाकं. डोयामा औषध व्हतं. डबा नीट दिखना नही."

भाऊ तुमच्याकडे पाहत राहिले. शिवी दिली नाही, अंगावर धावून आले नाहीत. "मी तुन्हा भरोसावर जिजीले बसाडं," एवढं म्हणाले आणि आत गेले. मी तुमच्या मागे उभी होते. तेव्हा पुढे होऊन बोलायला किती वेळ लागला असता? दोन शब्द. मी ते बोलले नाही.

परत येताना बसमध्ये मी रडायला लागले तर तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "गप. तुन्हं नाव आते कोठे व्हयी ऱ्हायनं. मन्हं व्हयी गयं." माझं नाव आता कुठे होतंय, तुमचं होऊन गेलं, असं तुमचं म्हणणं. आणि मग, जरा वेळाने, "गाडी माझ्या हातातून बाहेर गेली. पट्टी काढून मीच पाहायला पाहिजे होती. म्हणजे मीच टाकलं."

हे तुमचं मन. मला ते समजतं. पण तुम्ही मला विचारलं का, नाना? तुम्ही एका वाक्यात मला वाचवलंत आणि त्याच वाक्यात कोंडून टाकलंत.

कारण पुढे ते खोटं तुम्हाला रोज खरं करून दाखवावं लागलं. पहिले काही दिवस लोक आडून बोलत. मग तोंडावर बोलायला लागले. ट्रकवाले म्हणायचे, "नाना, तुम्ही बसा, ताई पाहतील." तुम्ही पान्हा खाली ठेवायचात आणि निमूट खुर्चीवर जाऊन बसायचात. डोळ्याचं ऑपरेशन होऊन तुम्हाला लख्ख दिसायला लागलं होतं, तरी तुम्ही डबा हातात घेऊन उगाच लांब धरायचात, लोकांसमोर. मी पाहायचे. तुम्ही माझ्याकडे पाहायचा नाहीत.

आई तर रोज बोलायची. "डोळ्यात औषध असताना गाडीला हात कशाला लावायचा? म्हातारी जन्माची आडवी पडली तुमच्यापायी." जिजी वाचली, पण उठली नाही, आणि अर्धं बोलणं गेलं. आई ताटात भाकरी वाढताना हे बोलायची आणि तुम्ही खाली पाहून जेवायचात. मीही जेवत होते, नाना. त्याच ताटलीतली मिरचीची चटणी घेत होते.

मला सांगायचं नव्हतं असं नाही. दिवाळीला सांगू म्हटलं. मग म्हटलं, जरा गिऱ्हाईक बसू दे. मग तुम्हीच एकदा म्हणालात, "आता सांगशील तर मी खोटारडा ठरेन. बसू दे जसं बसलंय तसं." तेव्हा मला केवढं हायसं वाटलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे? त्या हायसं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

संक्रांतीच्या आधी तुम्ही गेलात. सकाळी चहा पिता पिता छातीला हात लावलात आणि संपलं. आंघोळ घालायला माणसं जमली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "नानांची नखं किती स्वच्छ आहेत." माझ्या आठवणीत तुमची नखं कधी स्वच्छ नव्हती. सणासुदीला रॉकेलने घासली तरी कडेला काळी रेघ राहायचीच. ती रेघ सात महिन्यांत मी पुसली.

भास्करभाऊ आले होते. खांदा दिला. घाटावर बाजूला उभे राहून मला म्हणाले, "माणूस सोन्याचा. शेवटी नजर गेली, त्याला कोण काय करणार." ते तुम्हाला माफ करत होते. माझ्यासमोर उभं राहून, तुम्ही न केलेल्या गोष्टीबद्दल.

तेव्हापासून गॅरेज चांगलं चालतंय. हे तुम्हाला आनंदाचं वाटेल. आता मी प्रत्येकाला विचारते: गाडी किती चालली, तेल पिते का, ओझं किती वाहते, इंजिन उघडलंय का. मग पुस्तक पाहते, मग पट्टी काढून बोटांत तेल चोळून पाहते, तुम्ही पाहायचात तसं. जुन्या डिझेलला तुमचं तेल, नव्या पेट्रोलला पुस्तकातलं. लोक म्हणतात, पोरगी बापापेक्षा हुशार निघाली, तेलाच्या बाबतीत तर डोळे झाकून भरोसा ठेवावा. प्रत्येक वेळी हे ऐकते आणि मला वाटतं, शटर आतून ओढून घ्यावं. जाऊ कुठे? हे सोडून नाशिकला जायचं म्हटलं तर आई एकटी. इथे राहायचं म्हटलं तर रोज तुमच्या चुकीवर माझं कौतुक.

तर रविवारी शिंदखेड्याला गेले. भाऊ आता कापसाच्या एका जिनिंगवर राखणदार आहेत, रविवारी घरी असतात. जिजी ओसरीत खाटेवर होती. मला पाहून तिने हात वर केला, काही बोलली, कळलं नाही. काकूंनी पाणी दिलं. मी पेला हातात धरूनच सगळं सांगितलं. तुम्ही जळगावला होतात. डबा मी उचलून परत ठेवला. पातळ तेल मी टाकलं, मुद्दाम टाकलं. नानांनी विचारलं तेव्हा मी फिरवून उत्तर दिलं. एक शब्द गाळला नाही.

भाऊंनी खाटेकडे पाहिलं. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता बोलतील, आता ओरडतील. मी त्यासाठीच गेले होते ना?

ते म्हणाले, "बेटा, बाप गया. आते त्यानी चुकी तू आंगवर लेस का?"

"भाऊ, खरंच सांगते. मीच टाकलं."

"मन्हासमोर नानानी सोता सांगं. व्हरांड्यात. तू मांगेच उभी व्हतीस. तेव्हा का नही बोलनी?"

मी म्हणाले, "घाबरले होते."

ते मान हलवत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काकूंना म्हणाले, "पाहा, पोर कशी असते. मेलेल्या बापाचं नाव धुवायला आली." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांना राग आणायचा प्रयत्न केला, नाना. जिजीकडे बोट दाखवलं, म्हणाले, हे माझ्यामुळे झालं, मला बोला. ते म्हणाले, "जेवूनच जा." काकूंनी वरण-बट्टी केली होती. मी बसले आणि जेवले. दुसरं काय करणार होते?

इतका पक्का दरवाजा लावून गेलात तुम्ही. चाळीस वर्षं कधी खोटं बोलला नाहीत, म्हणून ते एक खोटं आता कुणालाच खोटं वाटत नाही.

संध्याकाळी घरी आले आणि आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने विश्वास ठेवला. लगेच ठेवला. एक प्रश्नही विचारला नाही. मेथीची जुडी तशीच मांडीवर ठेवून बसून राहिली. मला वाटलं होतं, कुणीतरी खरं मानलं की मोकळं वाटेल. वाटलं नाही.

मग ती म्हणाली, "सात महिने मी त्यांना बोलले. जेवताना बोलले. शेवटच्या दिवशी चहा देताना पण बोलले. ते आता मी कुठे परत घेऊ?"

मी म्हणाले, "आई, मला बोल."

ती म्हणाली, "तुला बोलून त्यांना ऐकू जाणारे का?" आणि मेथी निवडायला लागली. त्यानंतर आजपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तुमच्या फोटोसमोर मात्र बसते, काहीतरी पुटपुटते. मी जवळ गेले की थांबते.

नाना, मी तुमच्यावर रागावलेली आहे. हे तुमच्या हयातीत कधी म्हणाले नसते. त्या व्हरांड्यात तुम्ही मला शिव्या खाऊ द्यायला हव्या होत्या. गिऱ्हाईक गेलं असतं, वर्षभर कुणी गाडी लावली नसती, पुन्हा नाशिकला जावं लागलं असतं. पण चूक माझ्या हातात राहिली असती. तुम्ही ती नेलीत, आणि आता मागून मागून मिळत नाही.

आज सकाळी एक रिक्षावाला आला. तेल बदलताना गमतीत तेच म्हणाला, डबा वाचून टाका. मी हात पुसले आणि म्हणाले, "नानांनी ते तेल टाकलंच नव्हतं. मी टाकलं होतं." तो हसला. म्हणाला, "ताई, तुम्ही पण ना." मी त्याला पुन्हा सांगितलं, सगळं. तो हसायचा थांबला, पण मानलं की नाही कळलं नाही.

तर आता तुम्हाला शब्द देते. तुम्ही बसू दे म्हणालात, ते मी बसू देणार नाही. जो कोणी म्हणेल त्याला, जेवढ्या वेळा म्हणेल तेवढ्या वेळा, काम थांबवून सांगेन. दर रविवारी शिंदखेड्याला जाईन, जिजीचं काय असेल ते करीन, आणि निघताना भाऊंना पुन्हा सांगेन. ते डोक्यावर हात ठेवतील, जेवूनच जा म्हणतील. म्हणू देत. आईच्या शेजारी बसेन, ती पुटपुटायची थांबली तरी उठणार नाही. तुम्ही रागावाल, तर रागवा. या बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही.

ते तेल टाकणारी,
तुमची मनी